अजून दोन राहिलेत

आमच्याकडे कोर्सच्या शेवटच्या स्लाइडवर नावं लिहायची पद्धत आहे. मजकूर कोणाचा, चित्रं कोणाची, आवाज कोणाचा, बांधणी कोणाची. 'बांधणी'च्या पुढे माझं नाव असतं. गोदामातल्या सुरक्षेच्या ज्या कोर्सबद्दल मी लिहितेय, त्याच्याही शेवटी ते आहे. पण तो कोर्स ज्यांच्यामुळे चालला त्यांचं नाव तिथे नाही. इथेही ते येणार नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. ते माझे काका. सख्खे नव्हेत, भावकीतले. आमच्या आगरी घरांत काकाला अरे-तुरेच करतात, मीही करते. कागदावर मात्र त्यांना 'ते' म्हटल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, मग आमचं पूर्णा, आणि पुढे अंजूरफाटा. माझ्या लहानपणी रस्ता सोडून आत वळलं की भाताची खाचरं होती. गोदामं तेव्हाही होती, पण मोजता येतील इतकी. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी तो हद्दीबाहेर आणून ठेवत आणि लागेल तसा आत नेत. आमच्या शेतांचे गाळे झाले ते असे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं जातील असं काही जुनी माणसं म्हणायची. ती गेली नाहीत, वाढली. आज आमच्या गावात पत्र्याच्या छपरांच्या मधून बांध शोधावा लागतो, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे आहेत, आणि मुख्य रस्त्याला कंटेनरची रांग लागली की शाळेतली पोरं चाकांच्या बाजूबाजूने घरी येतात.

काका या दोन्ही काळांतले. तरुणपणी ते भिवंडीत यंत्रमागावर होते. आधी कारीगर, नंतर जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. धंदा बसत गेला, कारखान्यातले माग भंगारात निघाले, आणि काका गावात परत येऊन गोदामात लागले. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीचे ते पुढे मुकादम झाले. बारा-पंधरा माणसं त्यांच्या हाताखाली. ट्रक लागला की तो किती वेळात रिकामा होईल हे ते टायर बघून सांगायचे.

माझं काम संगणकावर शिकायचे कोर्स बांधण्याचं. कंपनी ठाण्याची, पण 2020 च्या मार्चपासून मी पूर्ण्याच्या घरातूनच काम करत होते. त्या वर्षाअखेरीला आमच्या धंद्यात एक मोठी पडझड झाली. 31 डिसेंबरला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद केलं. वर्षानुवर्षं जमलेले कोर्स एका दिवसात उघडेनासे झाले. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा बांधायचं काम सुरू झालं. आम्ही आर्टिक्युलेट स्टोरीलाइन वापरतो. त्या लाटेत माझ्याकडे एक कोर्स आला : गोदामातली सुरक्षितता. आगीच्या वेळी काय करायचं, फोर्कलिफ्टच्या वाटेत कसं यायचं नाही, ओझं कसं उचलायचं, असे सहा भाग. गिऱ्हाईक ज्या गोदामाचं होतं ते माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. माझ्या गावच्या माणसांसाठी मी काहीतरी बांधतेय याचा मला फार आनंद झाला होता. काकांची टोळी त्याच गोदामात होती.

बटणाबद्दल थोडं सांगायला हवं. पडद्यावरचं बटण एक दिसतं, पण ते एक नसतं. एकाच्या पोटात अनेक रूपं असतात, त्यांना आम्ही स्टेट म्हणतो. साधं रूप म्हणजे नॉर्मल. माऊसचा बाण त्यावर नेला की होव्हर. दाबून धरलं की डाउन. एकदा दाबून झालं की व्हिजिटेड. अनेकांतून एक निवडलं की सिलेक्टेड. दाबता येत नाही असं करड्या रंगाचं ते डिसेबल्ड, आणि दिसतच नाही ते हिडन. फ्लॅशमध्ये बटणाला चार खाने असायचे : अप, ओव्हर, डाउन आणि हिट. यातला हिट पडद्यावर कधीच दिसत नसे. बोट कुठे पडलं तर बटणाने ऐकायचं, तेवढी जागा तो ठरवायचा. बटण कोणत्या वेळी कोणतं रूप घेईल हे सांगणाऱ्या आज्ञेला ट्रिगर म्हणतात. काही रूपं बटण आपणहून बदलतं, तिथे आपण वरून ट्रिगर लावला की दोघांची ओढाताण होते. आमच्या कामातली निम्मी डोकेदुखी या रूपांची असते. बटण जे दाखवतं आणि खरं जे घडलेलं असतं, ते जुळत नाही.

माझ्या कोर्समध्ये मुख्य पानावर सहा चित्रं होती. एकेक चित्र दाबायचं, तो भाग बघायचा, परत पानावर यायचं. बघून झालेल्या चित्राचा रंग बदलायचा. त्यासाठी मी 'झालं' नावाचं आणखी एक रूप स्वतः बनवलं होतं. सहाही 'झालं' झाले की खालचं 'पुढे' बटण जागं व्हायचं. तोवर ते करडं, मुकं.

कोर्स गोदामातल्या टॅबलेटवर चढला. दोन आठवड्यांनी अहवाल आला, त्यात बहुतेक नावांपुढे 'अपूर्ण'. सोबत एक ओळ : कामगार लक्ष देत नाहीत, त्यांना पुन्हा बसवतो. मी ती ओळ वाचली आणि मला ती खरी वाटली. माझ्या गावची माणसं, त्यांतली काही माझ्या वडिलांबरोबर वाढलेली, लक्ष देत नाहीत यावर माझा विश्वास बसला. माझ्या बटणावर माझा त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास होता. हे लिहिताना आजही मला त्रास होतो.

ते पुन्हा बसवणं सुट्टीच्या दिवशी असायचं. त्या दिवसाची हजेरी नसायची.

एका संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला, पावसाचं बोलले, मग म्हणाले, "तुजा तो कोर्स मी तीनदा केला गो. तीनदा. पूर्न होत नाय."

मी विचारलं, "काका, तू सगळे सहा भाग बघितलेस का? एखादा राहिला असेल."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "मना कलत नाय, कोनता झाला न् कोनता रायला. बटन दाबला का नाय, त्ये बटनालाच ठावं नाय."

मी लॅपटॉप उघडून त्यांना दाखवलं. दाबलं, रंग बदलला. दुसरं दाबलं, रंग बदलला. सहाही दाबली, 'पुढे' जागं झालं. सगळं ठीक. काकांनी ते शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "तुज्यापाशी चालतंय. माज्यापाशी नाय चालत. म्हंजे दोन येगली यंत्रा झाली. माज्यापाशी येऊन बग."

पुढच्या रविवारी मी टॅबलेट घेऊन त्यांच्या घरी गेले. ओटीवर चटई टाकली होती. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. माझ्या शिक्षणात हे मला सांगितलेलं होतं, की वापरणाऱ्याच्या शेजारी गप्प बसावं. पण आठ वर्षांत मी एकदाही अशी बसले नव्हते. माझी परीक्षा माझ्याच टेबलावर, माझ्याच माऊसने व्हायची.

काकांनी पहिलं चित्र दाबलं. भाग पूर्ण बघितला, एक शब्द न गाळता. पानावर परत आले. चित्र जसं होतं तसंच. त्यांनी दुसरं दाबलं, तोही बघितला, परत आले. सहाच्या सहा चित्रं कोरी. 'पुढे' करडं. त्यांनी अंगठा त्या करड्या बटणावर ठेवला आणि दाबून धरला, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. जॉबर जसा मागाच्या मालकाकडे बघतो तसं ते होतं : आता तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना.

रात्री मी सोलापूरच्या एका ताईंना फोन लावला. त्या आमच्या टीममध्ये माझ्याआधीपासून होत्या आणि माझ्यावर त्यांचंही ऋण आहे. त्यांनी मला काही सुचवलं नाही. म्हणाल्या, "त्या बटणावरचे ट्रिगर मला मोठ्याने वाच. वरून खाली. गाळू नकोस." मी वाचायला लागले. पहिला : दाबल्यावर भाग एकच्या स्लाइडवर जा. दुसरा : दाबल्यावर या बटणाचं रूप 'झालं' कर. वाचता वाचताच माझा आवाज थांबला. हे ट्रिगर ज्या क्रमाने मांडले त्या क्रमाने चालतात. पहिल्यानेच माणूस दुसऱ्या स्लाइडवर निघून गेला, मग मागे राहिलेल्या बटणाचं रूप कोण बदलणार? दाराबाहेर पडल्यावर आतला दिवा मालवायला सांगितल्यासारखं ते होतं. माझ्या लॅपटॉपवर ते चालत होतं, कारण मी ती एकटी स्लाइड उघडून तपासायचे. तिथे उडी मारायला दुसरी स्लाइडच नव्हती, म्हणून दुसऱ्या ट्रिगरची पाळी यायची.

मी क्रम उलटा केला. आधी रूप बदल, मग जा. बारा वाजून गेले होते. सगळा कोर्स पहिल्यापासून चालवला.

काहीच फरक पडला नाही. सहाही चित्रं कोरी.

इथे मी एक चूक करायला निघाले होते. इतका सरळ उपाय करूनही काही बदललं नाही, म्हणजे ते कारण नव्हतंच, असं मला वाटलं आणि मी ट्रिगर परत जुन्या क्रमाने लावले. सकाळी काका कामावर जाताना थांबले, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ट्रिगर म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, पण बिघाड म्हणजे काय हे माहीत होतं. ते म्हणाले, "जो बिगडलेला दिसला, तो नीट केला. बरोबर?"

"हो."

"मग परत कला बिगडवलास?"

त्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. मागावर कापड खराब निघायला लागलं की नवा जॉबर एक गोष्ट आवळतो, माग चालवतो, कापड खराबच निघतं, म्हणून ती पुन्हा सैल करतो आणि दुसरीकडे वळतो. असा तो दिवसभर फिरत राहतो. कारण कित्येकदा दोष दोन असतात, एकावर एक बसलेले. पहिला काढला तरी दुसरा कापड बिघडवतोच. जो भाग नीट असायला हवा होता आणि नव्हता, तो नीट केलास तर तसाच राहू दे, कापड सुधारो न सुधारो. मग पुढचा शोध. काकांनी हे उभ्या उभ्या, दुचाकीवर एक पाय टाकून सांगितलं आणि ते गेले.

मी क्रम पुन्हा सुलटा केला, तसाच ठेवला, आणि पुढे शोधलं. दुसरा दोष स्लाइडच्या गुणधर्मांत होता. स्लाइडवर परत आल्यावर काय करायचं, याला तीन पर्याय असतात : सॉफ्टवेअरने स्वतः ठरवायचं, आधीची स्थिती जपायची, किंवा सगळं पहिल्यासारखं करायचं. जुन्या साच्यातून उचललेल्या माझ्या पानावर तिसरा पर्याय निवडलेला होता. म्हणजे काका एकेक भाग निष्ठेने बघून परत येत होते आणि ते आले की पान सगळं पुसून त्यांना नव्याने भेटत होतं. तीन-तीन वेळा कोर्स केलेल्या माणसांना माझं पान प्रत्येक वेळी म्हणत होतं, तुम्ही काहीच केलेलं नाही.

मी पर्याय बदलला. रंग टिकायला लागले, 'पुढे' जागं झालं. दोन दोष, आणि ते काढायला दोन ओळी. मी संध्याकाळी टॅबलेट घेऊन काकांकडे धावले.

त्यांनी पहिला भाग केला, परत आले, आणि पडद्याकडे बघत राहिले.

"झाला ना?" मी म्हणाले.

"काय झाला?"

"रंग बदलला बघ. आधी तपकिरी-लाल होता, आता हिरवा."

काका थोडा वेळ बोलले नाहीत. काकी आत होत्या. मग हळू आवाजात म्हणाले, "लाल न् हिरवा मना येकच दिसतो. पयल्यापासून. कोनाला सांगितला नाय." मागावर त्यांचं कधी अडलं नाही, भिवंडीत बहुतेक ग्रे कापड निघायचं, न रंगवलेलं, तिथे रंगाचा संबंध येत नसे. सिग्नलला ते वरचा दिवा की खालचा, ते बघतात. गोदामात खोक्यांवरच्या पट्ट्या ते माणसांना मोठ्याने वाचायला लावतात. लोकांना वाटतं मुकादम शिस्तीचे आहेत. कळलं तर कामावरून काढतील, या भीतीने त्यांनी हे सगळं आयुष्य असं सांभाळलं होतं. मी जन्मल्यापासून त्यांना ओळखत होते आणि मला ते त्या दिवशी कळलं, एका बटणामुळे.

ही गोष्ट लिहू का, असं मी त्यांना या लेखाआधी विचारलं. आता ते निवृत्त आहेत. "लिव्ह," म्हणाले, "नाव नको लिवू."

लाल-हिरवा फरक न दिसणं पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं, कारण ते एक्स गुणसूत्रावरून येतं आणि पुरुषाकडे ते एकच असतं. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जे निकष केले, त्यांच्या 1999 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यांत लिहिलेलं आहे की केवळ रंगावर अर्थ टाकू नका. मला ते पाठ होतं. मी परीक्षेत ते लिहिलंही होतं. तरी माझ्या बटणाचं 'झालं' हे रूप फक्त रंगाचं होतं, कारण बरोबरची खूण घातली की चित्राची शोभा जाते असं मला वाटलं होतं. काकांच्या टोळीत आणखी कोणी असेल का, हे मी कधीच विचारणार नाही. पण त्या रात्री मी सहाही चित्रांवर जाड खूण घातली, आणि खाली अक्षरांत 'झालं' असं लिहिलं. चित्रांची नावं माऊस नेल्यावर दिसायची, ती कायमची बाहेर आणली. टॅबलेटवर बोट असतं, बाण नसतो, त्यामुळे गोदामात ती नावं कोणाला कधी दिसलीच नव्हती.

मग राहिलं ते करडं बटण. काकांचा खरा राग, आणि तो रागच होता, त्या बटणावर होता. डिसेबल्ड बटण दाबलं तरी त्यावरचा कोणताही ट्रिगर चालत नाही. ते ऐकतच नाही, मग उत्तर कुठून देणार? आम्ही बांधणारे ते सोय म्हणून वापरतो : वेळ आली नाही तोवर बंद. काकांना ते अपमान वाटायचं. ते मला मागाचं सांगत. माग चालू असताना बाण्याचा धागा तुटला की बाजूला एक छोटा काटा असतो, त्यावर धाग्याचा दाब पडत नाही, काटा अडकतो आणि माग थांबतो. थांबलेला माग कारीगराला सांगतो की इथे ये, इथे तुटलंय. गोदामातला स्कॅनरसुद्धा बरोबर आणि चुकीच्या खोक्याला वेगळा आवाज करतो. "तुजा बटन," ते म्हणाले, "बंदपन नाय न् चालूपन नाय. मानूस समोर उभा हाय न् त्यो तोंड फिरवून बसलाय. त्याला सांग ना सरल, आजून दोन रायलेत, वरती बग."

मी डिसेबल्ड काढून टाकलं. 'पुढे' आता पहिल्यापासून जागं असतं. भाग राहिले असतील तर ते पुढे नेत नाही, पण एक छोटी पट्टी उघडतं आणि किती राहिलेत ते सांगतं. आकडा व्हेरिएबलमधून, म्हणजे कोर्सने मोजून ठेवलेल्या संख्येतून, येतो. एकच राहिला असेल तर वाक्य वेगळं करावं लागतं, कारण मराठीत 'एक राहिलेत' चालत नाही; त्यासाठी मी आणखी एक लेयर, म्हणजे स्लाइडवरचा वेगळा थर, केला. या सगळ्याला अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस मी आधी वाचवला होता आणि टोळीतल्या माणसांनी त्याची किंमत बिनहजेरीच्या रविवारांनी भरली होती.

यानंतरही एक अडचण आली. दोष सापडल्याच्या उत्साहात मी सगळ्याच स्लाइडना 'स्थिती जपा' लावून टाकलं. कोर्स आणि त्याची नोंद ठेवणारी प्रणाली यांच्यातली देवाणघेवाण स्कॉर्म नावाच्या नियमांनी होते. आमच्या गिऱ्हाइकाकडे त्याची 1.2 ही जुनी आवृत्ती होती. माणूस कुठपर्यंत आला, कोणतं बटण कोणत्या रूपात होतं, हे साठवायला तिच्यात जेमतेम 4096 अक्षरांची जागा असते. प्रत्येक स्लाइडची स्थिती जपायला लागल्यावर ती जागा भरली, आणि पाळी संपली म्हणून अर्ध्यात टॅबलेट ठेवून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला की त्याच्या नोंदीचा पुढचा भाग गायब. हे मात्र मला लगेच सापडलं, कारण आता मी दर दोन दिवसांनी काकांच्या ओटीवर बसत होते. फक्त मुख्य पानाची स्थिती जपायची, बाकीच्या स्लाइडना मोकळं सोडायचं, असं केलं. नंतर गिऱ्हाइकाने प्रणालीच नवी घेतली. स्कॉर्म 2004 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती जागा 64,000 अक्षरांची आहे, तेव्हा तो प्रश्न संपला.

सुधारलेला कोर्स चढला. पुढच्या अहवालात काकांच्या टोळीतल्या सगळ्या नावांपुढे 'पूर्ण' होतं. मी आमच्या साहेबांना पत्र लिहिलं की आधीची 'अपूर्ण' ही नोंद कामगारांची नसून कोर्सची होती, आणि ती गिऱ्हाइकाला तशी कळवावी. ते कळवलं गेलं. गेलेल्या रविवारांची हजेरी मिळाली का, हे मी दोनदा विचारलं. नाही मिळाली.

मला मिळालं. त्या कोर्सचा साचा आमच्या कंपनीने पुढे सगळ्यांना वापरायला दिला आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं. बढतीही त्याच वर्षी झाली. पेढे घेऊन मी पहिल्यांदा काकांकडे गेले. त्यांनी पेढा घेतला, अर्धा काकींना दिला, आणि विचारलं, "त्यो करडा बटन काढलास ना समदीकडना?" मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. जुन्या तीन कोर्समध्ये ते अजून होतं. त्यांच्या घरून निघाले ती सरळ टेबलाशी बसले आणि त्या आठवड्यात तिन्हीतून काढलं. काकांना मी ते नंतर सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस.

मी त्यांना काय दिलं, याचा मी पुष्कळदा विचार करते. टोळीतल्या कोणाला मोबाइलवर फॉर्म भरायचा असला की मी भरून देते, काकींचं आधार कार्ड दुरुस्त करून आणलं, नातीला संगणक शिकवते. ही शेजाराची कामं, ती अशीही झाली असती. त्यांनी मला जे दिलं ते दुसऱ्या कोणीही दिलं नसतं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभर दक्षता पाळली, ती त्यांनी माझं बटण दुरुस्त व्हावं म्हणून उघड केली. याची फेड कशी करायची, हे मला सापडलेलं नाही.

तो कोर्स आजही चालतो. पूर्ण्याच्या गोदामात नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला टॅबलेट देतात. भाग बाकी असताना त्याने 'पुढे' दाबलं की पडद्यावर पट्टी येते : 'अजून दोन राहिलेत. वर बघा.' राहिलेतचं रायलेत न करता मी ते प्रमाण मराठीत लिहिलं, एवढाच माझा भाग. वाक्य काकांचं आहे.